चित्रांचा सातबारा



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत राहिले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर रंगरेषांविषयी बोलणे व्हावे, अशी तुमची अपेक्षा असणार. मीही चित्रांविषयीच बोलणार आहे. चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर लागले की त्याचे पुढे काय होते, त्याची मालकी कोणाची, देखभाल कोणाकडे आणि त्याचा हिशोब कोण कोणाला देतो, हा माझा विषय आहे. विषय कचेरीतला वाटेल, पण या शहराने गेल्या शंभर वर्षांत जे गमावले, ते इथले कलावंत कमी पडले म्हणून नव्हे. सांभाळण्याची व्यवस्था कमी पडली, म्हणून गमावले.

कोल्हापूरला आपण अभिमानाने कलापूर म्हणतो. मग एक प्रश्न विचारतो. आबालाल रहिमान यांची सार्वजनिक मालकीची किती चित्रे आज या शहरात आहेत? ती कोठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, आणि त्यांतले एखादे उद्या दिसेनासे झाले, तर आपण कोणाच्या दारात जाऊन जाब विचारायचा? हा प्रश्न मी अनेक जाणत्या लोकांना विचारला आहे. चित्रकारांना, शिक्षकांना, पत्रकारांना. आबालालांविषयी प्रत्येकाने भरभरून सांगितले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकाकडेही नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. असे उत्तर नागरिकाला सहज मिळावे, अशी सोयच आपण कधी केलेली नाही.

आधी कोणाकडे काय आहे ते पाहू. सी.पी.आर. रुग्णालयासमोरचा टाऊन हॉल तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली ही वास्तू चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याने रचली. आपला नवा राजवाडाही त्याचाच. या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयाचे मूळ ब्रह्मपुरीच्या टेकडीत आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या सुमारास ब्रह्मपुरीने जे दिले, त्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती होती. वीतभरही उंची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून कोकणातल्या बंदरात आणि तिथून घाट चढून ती आपल्या गावी आली. तेव्हाच्या कोल्हापूरच्या व्यापाराचा यापेक्षा बोलका पुरावा दुसरा नाही. या वस्तू ठेवायला १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आले. तिथे शिल्पे आहेत, शस्त्रे आहेत, आणि आबालालांसारख्या इथल्या चित्रकारांची चित्रे आहेत.

१९४९ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानच्या मालकीचे जे होते, ते सरकारचे झाले, आणि हे संग्रहालय पुढे महाराष्ट्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे गेले. विलीनीकरण योग्यच होते. संस्थानातल्या प्रजापरिषदेनेही त्यासाठी लढा दिला होता. पण त्या व्यवहारात एक गोष्ट निसटली. राजाच्या काळी संग्रहाविषयीचा निर्णय निदान याच गावात व्हायचा. राजा गेला आणि ती जागा नागरिकांकडे यायला हवी होती. ती आली नाही. निर्णय मुंबईला गेला आणि कोल्हापूरकर स्वतःच्या ठेव्याकडे तिकीट काढून आत जाणारे प्रेक्षक झाले.

दुसरे उदाहरण चंद्रकांत मांडरे यांचे. पडद्यावरचे चंद्रकांत महाराष्ट्राला ठाऊक आहेत. चित्रकार चंद्रकांत कोल्हापूरला अधिक ठाऊक आहेत. निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगमधली त्यांची कामे पाहणाऱ्याला थांबवतात. या कलावंताने राजारामपुरीतले आपले घर चित्रांसकट शासनाला देऊन टाकले. राहते घर! ते आज संग्रहालय आहे, तेही संचालनालयाच्या अखत्यारीत. एका नटाने आपली जन्माची कमाई समाजाच्या हवाली केली. त्या बदल्यात समाजाने काय पत्करले, हे मात्र कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही.

नव्या राजवाड्यातले संग्रहालय खासगी विश्वस्त व्यवस्थेत चालते. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शने भरतात आणि आठवड्याने भिंती रिकाम्या होतात. राहता राहिली महानगरपालिका. मुंबई-पुण्याबाहेरच्या फार थोड्या शहरांना लाभलेला मोठा कलेचा वारसा या शहराकडे आहे, पण शहराचे स्वतःचे, शहराला उत्तर देणारे एकही कलासंग्रहालय नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात संग्रहालये आणि कलादालने ऐच्छिक कर्तव्यांत घातली आहेत, म्हणजे केले तर केले. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी स्वराज्य संस्थांकडे जाऊ शकणाऱ्या विषयांत सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही आहे. पण अनुसूचीतला विषय आपोआप कोणाच्या टेबलावर येत नाही. त्यासाठी कोणीतरी सभागृहात उभे राहून मागणी करावी लागते. आणि नोव्हेंबर २०२०मध्ये मुदत संपल्यावर या महापालिकेत पाच वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता.

आता आबालालांकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा परिसर पायी हिंडून त्यांनी चित्रे केली. १९३१मध्ये ते गेले. १९२२मध्ये शाहू महाराजांच्या निधनाची बातमी कळताच आबालालांनी आपली चित्रे कोटितीर्थात बुडवून टाकली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोणी म्हणतो शेकडो, कोणी म्हणतो हजारो. ऐकताना अंगावर काटा येतो.

मला या आख्यायिकेचे खरेखोटे करायचे नाही. मला एवढेच दिसते की, त्या चित्रांची यादी कोणापाशीही नव्हती, म्हणून ती आख्यायिका टिकली. काय होते ते लिहिलेले नव्हते, त्यामुळे काय गेले तेही कळायला मार्ग राहिला नाही. काही पाण्यात गेली असतील, काही लोकांनी नेली असतील, काही कोणाच्या माळ्यावर कुजली असतील, काही विकली गेली असतील. यादी नसली की या सगळ्यांना एकच गोष्ट झाकून टाकते, आणि ती गोष्ट इतकी सुंदर असते की कोणी पुढे चौकशी करत नाही. बाबूराव पेंटरांचेही तेच. १९१७मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून ज्यांनी मराठी माणसाला पडद्यावर उभे केले, त्यांचा १९२०चा ‘सैरंध्री’ आज पाहता येत नाही. कंपनीच्या बहुतेक मूकपटांची तीच गत आहे.

म्हणून संग्रहालयाच्या कारभाराचा विचार मी इमारतीपासून करत नाही. नोंदवहीपासून करतो. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो आणि तिची नोंद एका वहीत होते. या धंद्यातले लोक तिला अ‍ॅक्सेशन रजिस्टर म्हणतात. ही वही म्हणजे त्या चित्राचा सातबारा. जमिनीचा तुकडा कोणाचा, त्यावर बोजा कसला, पीक कोणते, हे जसे सातबाऱ्यावर दिसते, तसे चित्र कोठून आले, कोणी दिले, कधी दिले, कोणत्या अवस्थेत होते, आज कोठे टांगले आहे, हे या वहीत दिसले पाहिजे. कागलच्या शेतकऱ्याला आपल्या वीस गुंठ्यांचा सातबारा आज मोबाइलवर मिळतो. साऱ्या जनतेच्या मालकीच्या चित्राचा सातबारा जनतेला का मिळू नये?

नोंद कशी नसावी आणि कशी असावी, हे जवळून सांगतो. मी एकदा एका संग्रहालयात जुनी नोंदवही चाळत होतो. नाव सांगत नाही. आणि हे कोणत्याही एकाच ठिकाणचे दुखणे नाही. एका ओळीत लिहिले होते: ‘निसर्गचित्र, एक, फ्रेमसह’. पुढच्या ओळीत ‘वरीलप्रमाणे, दोन’. बस. चित्रकाराचे नाव नाही, माप नाही, जलरंग की तैलरंग ते नाही. खोलीत भिंतीला टेकवून चित्रे ठेवली होती, आणि त्यांतले ‘निसर्गचित्र, एक’ कोणते, हे सांगायला तिथे कोणीच नव्हते. अशा नोंदीच्या आधारे तुम्ही चोरीची फिर्याद देऊ शकत नाही, कारण काय चोरीला गेले हेच सिद्ध होत नाही. अस्सल चित्राच्या जागी नक्कल लावली, तरी वहीप्रमाणे सारे ठाकठीक राहते. ‘निसर्गचित्र, एक, फ्रेमसह’ तिथे असतेच.

चांगली नोंद अशी असते. जलरंग, कागदावर. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, फ्रेम वगळून. सही कोठे आहे, कोणत्या लिपीत आहे, कोणत्या रंगाने केली आहे. मागच्या बाजूला काय आहे, कारण चित्राची पाठ फार बोलते: जुन्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, पेन्सिलने लिहिलेले एखादे नाव. वरच्या डाव्या कोपऱ्यात कसरीने कागद खाल्ला आहे, तर तो किती. आकाशाच्या भागात दमटपणाचे तांबूस ठिपके आहेत, तर कोठवर. समोरून आणि पाठून काढलेले छायाचित्र, त्यावर तारीख. दर वर्षी हीच तपासणी पुन्हा, आणि ठिपके पुढे सरकले असतील तर त्याची नोंद. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते. कागदावरच्या जलरंगाचा तो मोठा शत्रू आहे, आणि तो एका रात्रीत चित्र मारत नाही; वर्षाला अर्धा बोट पुढे सरकतो. दरसालची नोंद नसेल, तर तीस वर्षांनी चित्र गेल्याचे कळते आणि त्या तीस वर्षांत बदलून गेलेल्या दहा अधिकाऱ्यांपैकी एकालाही जबाबदार धरता येत नाही.

यात संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांवर माझा रोख नाही. अभिरक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची अवस्था मी पाहिलेली आहे. सरकारी इमारतीचे छत गळू लागले की त्याने वर पत्र लिहायचे, मग सार्वजनिक बांधकामकडून अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, निविदा. तोवर दुसरा पावसाळा येतो. स्वतःच्या अधिकारात एक ताडपत्री घेण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. त्यातच एका माणसाकडे दोन-दोन ठिकाणचा कार्यभार. अधिकार एकीकडे, जबाबदारी दुसरीकडे आणि वस्तू तिसरीकडे, अशी ही रचना आहे. तिच्यात सज्जन माणूसही हतबल होतो.

कायदा तरी मदतीला येतो का? पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२चा आहे. शंभर वर्षे जुने चित्र ‘पुरावशेष’ ठरते आणि देशाबाहेर जाऊ शकत नाही. त्याहून अलीकडच्या चित्रांना ‘कलानिधी’ म्हणून घोषित करण्याची सोय कायद्यात आहे. आजवर ही घोषणा नऊ चित्रकारांच्या बाबतीत झाली: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. या यादीत आबालाल नाहीत. बाबूराव पेंटर नाहीत, दत्तोबा दळवी नाहीत. त्यांच्या अखेरच्या वर्षांतले चित्र उद्या परदेशी ग्राहकाला विकले गेले, तर हा कायदा ते अडवत नाही. म्हणजे कोल्हापूरच्या चित्रकारांना दिल्लीच्या यादीचे संरक्षण नाही. त्यांना कोल्हापूरच्या यादीचेच काय ते संरक्षण मिळू शकते.

विश्वस्त संस्थांचेही पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६प्रमाणे विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जागेचा तुकडा विकायला परवानगी हवी. भिंतीवरचे चित्र स्थावर नाही. त्यामुळे ज्या वस्तूंसाठी संग्रहालय असते, त्यांच्यापेक्षा त्याच्या आवाराला कायद्याचे संरक्षण अधिक आहे. चांगल्या विश्वस्तांच्या नीतिमत्तेवर आपण आजवर निभावले. दोन पिढ्यांनंतर खुर्चीत कोण असेल, हे कोणी सांगावे?

केंद्राच्या बाबतीत महालेखापरीक्षकांनी २०१३मध्ये स्मारके आणि पुरावशेषांच्या जतनावर सविस्तर अहवाल दिला. लेखापरीक्षक कागदांवर थांबले नाहीत, जागेवर जाऊन पाहणी केली, आणि कागदोपत्री संरक्षित असलेली ९२ स्मारके जागेवर सापडली नाहीत. पुढे त्यांतली बरीचशी शोधून काढण्यात आली. पण दगडाची, विटांची, जागेवरून न हलणारी स्मारके जिथे हिशोबातून निसटतात, तिथे हातात मावणाऱ्या चित्राची काय कथा? आणि हे आपल्याच देशाचे दुखणे नाही. २०२३मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या किंवा खराब झालेल्या आढळल्या. संचालकांना पद सोडावे लागले. त्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच झालेली नव्हती. एका जाणकार व्यापाऱ्याने दोन वर्षे आधी सावध केले होते, तेव्हा त्याचे म्हणणे गांभीर्याने घेतले गेले नाही. इतका पैसा, इतका दरारा असलेल्या संस्थेतही बाहेरच्या माणसाचा प्रश्न ऐकून घेण्याची खिडकी नव्हती.

मग चांगले चालावे कसे? महाराष्ट्रातच तीन-चार वाटा आहेत. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९०९च्या खास कायद्याने विश्वस्त मंडळाच्या हाती आहे. कारभार स्वायत्त आणि त्याला कायद्याचा आधार. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचे. ते मोडकळीस आले होते. २००३मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, दुरुस्ती झाली, २००८मध्ये ते पुन्हा उघडले. मालकी महापालिकेचीच राहिली. या करारावरून पुढे मतभेद झाले, टीका झाली. मला त्यात गैर वाटत नाही. करार लिहिलेला होता, म्हणून वाद तरी कलमांवर घालता आला.

आपल्या शेजारचे औंध मला सर्वांत जवळचे वाटते. भवानराव पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, १९३८मध्ये औंधला टेकडीवर चित्रसंग्रहालय बांधले. रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत ऐवज त्या खेड्यात आणला. आणि लगेच १९३९मध्ये त्यांनी प्रजेला राज्यकारभाराची सूत्रे देणारी घटना दिली. कला लोकांसाठी खुली करणे आणि सत्ता लोकांच्या हाती देणे, हे एकाच राजाने जोडीने केले. विलीनीकरणानंतर राज्य गेले, संग्रहालयही सरकारकडे गेले. पंतांनी सुरू केलेले यांतले दुसरे काम तिथे थांबले: संग्रहालयाच्या कारभारात गावकऱ्यांना आवाज मिळाला नाही.

शहराचे कलासंग्रहालय शहराचे असते म्हणजे काय, याचा कस अमेरिकेत डेट्रॉइटला लागला. तिथला संग्रह १९१९पासून नगरपालिकेच्या मालकीचा. २०१३मध्ये शहराचे दिवाळे निघाले आणि धनको चित्रांच्या किमती विचारू लागले. चित्रे विकायची की निवृत्त कर्मचाऱ्यांची पेन्शन कापायची, इतका निर्दय पेच उभा राहिला. अखेर विविध संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, पेन्शनची कपात कमी झाली, आणि संग्रह शहराकडून ना-नफा संस्थेकडे गेला. मला त्यातली आदल्या वर्षीची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. २०१२मध्ये आसपासच्या तीन परगण्यांतल्या मतदारांनी मतदान करून आपल्या घरपट्टीत संग्रहालयासाठी वाढ मंजूर केली होती, आणि त्या बदल्यात रहिवाशांना प्रवेश मोफत झाला. कर भरणाऱ्याने हात वर करून ‘हे माझे आहे’ म्हटले होते. संकट आले तेव्हा त्या संग्रहालयाला माणसांचे पाठबळ होते.

आपल्याकडे संकट आले तेव्हा काय झाले, ते वेगळे सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, महापालिकेच्या मालकीचे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला जमलेल्या गर्दीत रडणारी मोठी माणसे होती. आग विझल्यावर आपण प्रश्न विचारले: अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली होती, विमा कितीचा होता, जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्तच होते. ते ७ ऑगस्टला विचारण्याची जागा आपल्यापाशी नव्हती. नाट्यगृह पुन्हा बांधता येते आणि त्यासाठी शासनाने निधीही दिला. चित्र पुन्हा बांधता येत नाही. २०१८मध्ये ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले तेव्हा आवारातल्या अग्निशमन नळांना पाणीच नव्हते. टाऊन हॉलमधल्या आणि राजारामपुरीतल्या संग्रहांची अग्निसुरक्षा तपासणी, पंचगंगेच्या महापुरासाठी वस्तू हलवण्याचा आराखडा, हे कागद आहेत का आणि असतील तर कोणत्या तारखेचे, हे विचारायला आपण आगीची वाट पाहू नये.

म्हणून माझी मागणी मोठी इमारत बांधा अशी नाही. नवे कलासंग्रहालय झाले तर आनंदच आहे. पण ज्याला जुना साठा मोजता येत नाही, त्याच्या नव्या इमारतीतही तेच होईल. पहिली मागणी अशी की, कोल्हापुरातल्या सरकारी मालकीच्या सर्व कलाकृतींची छायाचित्रांसह यादी वर्षभरात तयार करून लोकांसमोर ठेवावी. चोरांना पत्ता मिळेल म्हणून यादी गुप्त ठेवावी, असे कोणी सांगेल. साठवणीची जागा गुप्त ठेवा, कुलपांची माहिती गुप्त ठेवा. जाहीर छायाचित्र असलेले चित्र बाजारात विकणे चोराला अवघड जाते. ज्याची कोठेच नोंद नाही, ते बिनबोभाट विकले जाते. यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५च्या कलम ४ने सार्वजनिक प्राधिकरणांवर, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे बंधन घातलेलेच आहे.

दुसरी मागणी स्थानिक मंडळाची. संचालनालयाची मालकी राहू द्या. पण कोल्हापुरात बसणारे एक मंडळ असावे, ज्यात अभिरक्षक, जतनशास्त्राचा जाणकार, इथल्या कलाशिक्षण संस्थांचे शिक्षक, महापालिकेचा प्रतिनिधी आणि सामान्य नागरिक असतील, आणि ज्याला दुरुस्तीचा ठरावीक खर्च स्वतः मंजूर करता येईल. त्याच्या बैठकीचे इतिवृत्त जाहीर व्हावे. वर्षातून एकदा त्याने उघड सभा घेऊन सांगावे: इतक्या वस्तू होत्या, इतक्या तपासल्या, इतक्या दुरुस्तीला आहेत, इतका पैसा आला, इतका गेला. मंडळ आले की राजकारण येईल, ही भीती मला मान्य आहे. सहकाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना मंडळे कशी बळकावली जातात, ते शिकवावे लागत नाही. पण याच जिल्ह्याने हेही पाहिले आहे की, ज्या संस्थेच्या वार्षिक सभेत सभासद अहवाल हातात घेऊन उभे राहतात, तिथे संचालकांना उत्तरे द्यावी लागतात. राजकारणाच्या भीतीने दार बंद केले की आतला कारभार शुद्ध होत नाही, तो नुसता दिसेनासा होतो.

इथे बसलेल्या कलाशिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मी एक काम सांगू इच्छितो. परवानगी काढून, दर वर्षी एक वर्ग टाऊन हॉलमधल्या दहा चित्रांसमोर बसवा आणि मघाशी सांगितली तशी नोंद त्यांच्याकडून लिहून घ्या. सर विद्यार्थ्यांना चित्रासमोर बसवून आधी माप घ्यायला लावत, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. दहा वर्षांनी त्या वह्या या शहराची साक्ष होतील.

आणि शेवटचे सांगणे ज्यांच्या घरी चित्रे आहेत त्यांना. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत, वाड्यांत, चित्रकारांच्या नातवंडांकडे अजून किती ठेवा आहे याची आपल्याला कल्पना नाही. मुले पुण्याला, परदेशी गेली आहेत, वाडे पाडून अपार्टमेंट होत आहेत, आणि चित्र संग्रहालयाला देऊन टाकावे असे तुमच्या मनात येते. जरूर द्या. मात्र दानपत्र लेखी करा. चित्राचे माप, माध्यम आणि छायाचित्र त्याला जोडा. ते विकता येणार नाही, कोल्हापूरबाहेर कायमचे हलवता येणार नाही, आणि वर्षातून एकदा ते पाहण्याचा हक्क तुमच्या कुटुंबाला राहील, अशी कलमे त्यात घाला. नोंदवहीतला क्रमांक लेखी मागा. तो क्रमांक हातात पडेपर्यंत चित्र भिंतीवरून उतरवू नका.